उलटा हात

टेस्टरकाकांना राग यायला फारसं निमित्त लागत नसे, पण 'मीटर लावून बघा' असं कोणी म्हटलं की तो हमखास यायचा. आणि त्या रविवारी सकाळी तसं म्हणणारी त्यांची सख्खी लेक निघाली.

टेस्टरकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. छत्तीस वर्षं घरोघरी जाऊन वॉशिंग मशीन दुरुस्त करता करता लोकांनी ते त्यांना चिकटवलं होतं. कारण असं, की मशीनच्या पत्र्यात करंट उतरतोय का हे बघायला काकांना टेस्टर लागत नसे. उजव्या हाताची बोटं उलटी करायची, मागची बाजू पत्र्यावरून अलगद फिरवायची आणि निकाल द्यायचा. उलटी का, तर झटका बसलाच तर मूठ आवळते ती पत्र्यापासून लांब, पत्र्याला धरून नाही. 'आहे' म्हणाले की आहे, 'नाही' म्हणाले की नाही. लोक तोंडात बोटं घालायचे आणि काकांना ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

आता हे असं करायचं नसतं. काका स्वतः इतरांना कानीकपाळी ओरडून सांगायचे, की बाबांनो, हात म्हणजे मीटर नव्हे. पण इतरांचा हात वेगळा आणि आपला वेगळा, असं ज्याला वाटतं त्याला काय सांगणार? त्यांचा दुसरा नियम मात्र ते देवासारखा पाळायचे. मशीन उघडण्याआधी भिंतीवरचं बटण बंद करायचं, प्लग उपसायचा आणि वायरीसकट स्वतःच्या खांद्यावर टाकायचा. प्लग खांद्यावर असला म्हणजे घरातल्या कोणी चुकून बटण दाबलं तरी माणूस सुरक्षित. छत्तीस वर्षांत एकदाही हा नियम मोडला नाही, याचा त्यांना फार अभिमान होता.

तर रविवारची गोष्ट. काकांची बायको जाऊन चार महिने झाले होते. थोडक्या दिवसांचं दुखणं, हृदयाचं. मशीनचा त्यात काडीचा संबंध नव्हता, उगाच तसलं काही मनात आणू नका. ती गेल्यापासून स्वयंपाकघरामागच्या गॅलरीतलं मशीन बंदच होतं. एका माणसाचे दोन शर्ट आणि एक टॉवेल, त्यासाठी मशीन कशाला लावायचं? काका बादलीत भिजवायचे आणि खळाखळा आपटायचे. शिवाय त्या मशीनचं दार उघडलं की साबणाचा जो वास यायचा तो तिच्या पदराचा वास होता, आणि तो काकांना सोसत नसे.

लेकीचं स्वतःचं मशीन त्याच आठवड्यात कायमचं मोडलं. घरात दहा महिन्यांची पोरगी, रोज कपड्यांचा ढीग. काका म्हणाले, आईचं घेऊन जा, तुझ्याकडे असलं म्हणजे वापरात तरी राहील. लेकीचे डोळे भरून आले. नेणार तर होतीच, पण आधी तिनं तो विषय काढला.

"बाबा, आई म्हणायची, मशीनला हात लावला की चिमटा बसतो. पोरगी आता जे दिसेल ते धरून उभी राहते. तुम्ही मीटर लावून बघा. मग मी नेते."

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी मशीनचा प्लग लावला, बटण दाबलं, पायात रबरी चपला होत्या तशाच पुढे गेले आणि उलटा हात पत्र्यावरून फिरवला. एकदा वरून, एकदा दाराच्या कडेनं. काहीच नाही. मुंगीसुद्धा चावली नाही. त्यांनी लेकीकडे 'बघ' अशा नजरेनं पाहिलं. लेक मशीनकडे बघतच नव्हती, ती त्यांच्या हाताकडे बघत होती.

हा चिमटा म्हणजे घरातला जुना विनोद होता. तीन वर्षांपूर्वी बायको पहिल्यांदा म्हणाली होती, अहो, ओले कपडे काढताना हाताला झिणझिण्या येतात, पाणी तापायला लागलं की जास्तच. काकांनी येऊन हात फिरवला आणि म्हणाले, काही नाही. आठवड्यानं ती पुन्हा म्हणाली. त्यांनी पुन्हा हात फिरवला. मग ती दर पंधरा दिवसांनी म्हणायची आणि काका म्हणायचे, मशीनमध्ये नाही, तुझ्याच अंगात करंट आहे. पाहुण्यांना हा किस्सा ते रंगवून सांगायचे. मेकॅनिकच्या बायकोला घरचंच मशीन चावतं, आता बोला. सगळे हसायचे. तीही हसायची, निदान सुरुवातीला.

पुढे सहा महिन्यांनी तिनं तक्रार करणं बंद केलं. काकांना वाटलं, बघा, मनाचे खेळ होते, गेले. तिनं मोडक्या कपाटाची एक फळी मशीनसमोर आणून टाकली आणि तिच्यावर उभी राहून कपडे काढायला लागली. काकांना वाटलं, गुडघे दुखतात, फरशी गार लागत असेल. ती त्यांच्या जुन्या रबरी चपला घालून गॅलरीत जायची. त्या तिला इतक्या मोठ्या व्हायच्या की चालताना फटाक फटाक वाजायचं, आणि काका आतून ओरडायचे, आली गं बाई माझी स्वारी.

ती फळी अजून तिथंच होती. मधोमध दोन पावलांच्या जागी रंग उडालेला.

"मीटर लावा म्हणतेस ना, लावतो," काका म्हणाले आणि पिशवी घ्यायला गेले. लेकीचा संशय फिटावा म्हणून नव्हे, तर तिची आणि तिच्या आईची एकदाची जिरावी म्हणून. हे नंतर त्यांना आठवायचं तेव्हा फार लागायचं.

रीतसर सुरुवात केली. आधी भिंतीतला सॉकेट तपासला. फेज आणि अर्थिंगमध्ये दोनशे तीस, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन. म्हणजे गळका करंट जमिनीत नेणारं घरचं अर्थिंग ठणठणीत. मशीनचा प्लग पुन्हा लावला, मीटरची एक सळई शेजारच्या सॉकेटच्या अर्थिंगशी जोडली, डावा हात सवयीनं पाठीमागे घेतला आणि दुसरी सळई मशीनच्या पत्र्यावरच्या उघड्या स्क्रूला टेकवली. तिथं शून्य दिसायला हवं, फार तर एखादा व्होल्ट.

मीटरनं एकशे बारा दाखवले.

काकांनी सळई उचलून पुन्हा टेकवली. एकशे बारा. मीटर बिघडला असेल म्हणून परत सॉकेटवर लावून पाहिला, तो बरोबर होता. मग त्यांनी मशीन गरम पाण्यावर लावलं आणि आतला हीटर सुरू व्हायची वाट बघितली. आकडा हळूहळू चढत गेला आणि एकशे साठच्या पुढे जाऊन थांबला. पाणी तापायला लागलं की जास्तच, असं ती म्हणायची. अगदी हेच शब्द.

या पत्र्यावर आत्ता पाच मिनिटांपूर्वी त्यांनी हात फिरवला होता.

त्यांनी बटण बंद केलं, प्लग उपसला आणि खांद्यावर टाकला. मशीन उघडण्याआधी दहा मिनिटं थांबायचं असतं, आत साठून राहिलेला करंट उतरायला वेळ लागतो. घाई करणारे तिथंच फसतात. काका फळीच्या कडेला बसले. लेक दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. काका म्हणाले, चपलांमुळे कळलं नसेल. मग म्हणाले, हवा कोरडी आहे आज. आतल्या खोलीत नात झोपेत कुरकुरली आणि परत शांत झाली.

"बाबा," लेक म्हणाली, "चपलांचं नाही हो. तुमच्या बोटांना कळत नाही आता. आईला माहीत होतं."

असं एकदम तोंडात मारल्यासारखं कोणी बोललं की माणूस आधी चिडतो. काकाही चिडले. कोणी सांगितलं, काय पुरावा, छत्तीस वर्षं काय झोपा काढल्या का, असं बरंच काही बोलले. लेकीनं बोलू दिलं. मग खाली बसून तिनं एकेक करून सांगितलं. अडीच वर्षांपूर्वी एकदा आईनं गॅसवरून चहाचं भांडं उतरवायला फडकं शोधेपर्यंत काकांनी ते नुसत्या बोटांनी उचललं होतं, टेबलावर ठेवलं होतं आणि पेपर वाचत बसले होते. बोटांवर फोड आले ते त्यांना संध्याकाळी दिसले. रक्तातली साखर काकांनी कधी मनावर घेतली नव्हती, ती हळूहळू बोटांच्या टोकांवर येऊन बसली होती. त्या दिवशी आईच्या सगळं लक्षात आलं. नवरा आपल्यावर विश्वास ठेवत नाही असं तिला सहा महिने वाटत होतं. तसं नव्हतं. त्याला खरंच काही लागत नव्हतं.

काकांना ते भांडं आठवलं. आणि त्यानंतरचं बरंच काही आठवायला लागलं. ती त्यांना कप नेहमी कान त्यांच्याकडे करून द्यायला लागली होती. इस्त्रीला हात लावू द्यायची नाही. आणि रोज कामावरून आले की दिव्याखाली त्यांचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघायची, कुठं कापलंय, कुठं भाजलंय ते शोधायची आणि मलम लावायची. काकांना तर वाटलं होतं, म्हातारपणी बायकोच्या प्रेमाला बहर आलाय. तसं ते बोलूनही दाखवायचे. ती म्हणायची, हो, आलाय, गप्प बसा आणि हात द्या इकडे.

"मग मला का नाही सांगितलं?" काकांनी विचारलं.

"मी म्हटलं होतं तिला, सांग म्हणून. तर म्हणाली, हात गेला असं त्यांना कळलं तर आख्खा माणूस बसेल गं. माझं काय, मी फळीवर उभी राहीन." लेकीनं डोळे पुसले. "मला शपथ घातली होती. आज पोरीसाठी मोडली."

काका रडले. उगाच आडवळणानं कशाला सांगायचं, चांगले हुंदके देऊन रडले, खांद्यावर प्लग तसाच. बायको गेली त्या दिवशी लोक होते, व्यवस्था होती, तेव्हा ते असे रडले नव्हते. मध्येच ते तिला मूर्ख बाई म्हणाले, दोनदा म्हणाले. तीन वर्षं रोज चिमटे खात कपडे धुतले, आणि का, तर आपल्याला वाईट वाटू नये. आणि आपण पाहुण्यांना किस्से सांगत होतो. हे मनात आलं की त्यांना बसल्या जागी कुठंतरी निघून जावंसं वाटत होतं.

दहाची वीस मिनिटं झाली तेव्हा ते उठले. मशीन भिंतीपासून ओढलं आणि मीटर आवाजावर लावून एक सळई प्लगच्या अर्थिंगच्या जाड पिनेला आणि दुसरी पत्र्याला टेकवली. तार सलग असली की मीटर किंचाळतो. तो गप्प राहिला. म्हणजे प्लगपासून मशीनपर्यंत अर्थिंग कुठंतरी तुटलं होतं. मागचा पत्रा काढायचे स्क्रू लेकीनं काढले, काकांनी काढू दिले.

आत हिरवी-पिवळी वायर जागेवरच होती. तुटली नव्हती, उंदरानं कुरतडली नव्हती. तिच्या टोकाची पितळी चकती एका स्क्रूखाली होती आणि स्क्रू वरून बघायला घट्ट होता. लेकीनं चकतीला बोट लावलं तर ती गरकन फिरली. स्क्रू आट्यांमध्ये तिरका जाऊन अर्ध्यावरच अडकला होता आणि चकती पत्र्याच्या रंगावर नुसती टेकून राहिली होती, आणि रंगातून करंट जात नाही.

ही वायर काकांनी स्वतः बसवली होती. तीन वर्षांपूर्वी उंदरांनी जुनी खाल्ली म्हणून नवी घातली, एका दुपारी, बायको शेजारी उभी राहून बोलत असताना. स्क्रू तिरका जातोय की सरळ, हे मेकॅनिकला डोळ्यांनी कळत नाही, ते बोटांना कळतं. आटे धरले की बोटात एक बारीक हबका बसतो. तो बसला असं काकांना त्या दिवशी वाटलं होतं. म्हणजे बोटं तेव्हाच गेली होती. नंतर हीटरही गळायला लागला, आणि गळालेला करंट जमिनीत जायला वाट नव्हती, तर तो तिच्या हातातून जायला बघायचा. साधं गणित होतं. दुसऱ्या कोणाच्या घरी ते त्यांनी पाच मिनिटांत मांडून दाखवलं असतं.

पुढचं काम लेकीच्या हातांनी झालं. काका शेजारी बसून सांगत होते. सॅन्डपेपरनं रंग खरवड, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. नवा स्क्रू घे. आधी उलटा फिरव, आटा सापडेपर्यंत, सापडला की कळेल. लेक म्हणाली, कळलं. काकांनी विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, टक् असं झालं बोटात. काकांनी स्वतःची बोटं एकमेकांवर घासून पाहिली. मग म्हणाले, आता घट्ट कर, अजून अर्धा वळसा.

मीटर किंचाळला. आतल्या खोलीत नात जागी झाली. हीटरच्या दोन्ही वायरी सोडवून मेगर, म्हणजे करंट गळतोय का ते मोजणारं यंत्र, लावला तर हीटर पार कामातून गेलेला निघाला. काकांच्या पेटीत नवा होता, तोही लेकीनंच बसवला. पत्रा लावला, प्लग खांद्यावरून उतरवला, सॉकेटमध्ये घातला, आणि काकांनी गरम पाणी लावून पत्र्यावर सळई टेकवली. शून्य. हीटर पूर्ण तापेपर्यंत ते सळई धरून बसले. शून्यच राहिलं.

"आता ने," ते म्हणाले. पण लेकीनं लगेच हालचाल केली नाही, आणि काकांनीही पिशवी आवरली नाही. एक गोष्ट दोघांच्याही मनात आली होती आणि ती बोलायला दोघांच्याही जिवावर येत होतं.

तीन वर्षांत काकांनी काय फक्त घरचीच वायर बदलली होती?

मोबाइलमध्ये गिऱ्हाइकांचे नंबर होते. कोणाकडे वायर घातली, कोणाचा मागचा पत्रा उघडला, हे काकांना तोंडपाठ होतं, तिथं त्यांचं काही बिघडलेलं नव्हतं. सोळा घरं निघाली. लेक म्हणाली, मी करते फोन. काकांनी नको म्हटलं. त्यांनी पहिला फोन एका शिक्षकांना लावला. त्यांच्याकडे गेल्या वर्षी नवी वायर घातली होती आणि निघताना उलटा हात फिरवून 'काही नाही' असं सांगितलं होतं.

शिक्षक आनंदानं बोलले. मशीन एक नंबर चाललंय, काही तक्रार नाही, तुमच्या हाताची काय बात आहे टेस्टरकाका. मग हसत हसत त्यांनी सांगितलं, की आमची आई तेवढी म्हणत असते, हात लावला की मुंग्या येतात म्हणून. पण तिचं तुम्हाला माहीतच आहे, वय झालंय. आम्ही तिला चिडवतो.

काकांनी फोन दुसऱ्या हातानंही धरला. लेकीनं खालून कोपराला आधार दिला.

"चिडवू नका," काका म्हणाले. "आधी भिंतीवरचं बटण बंद करा, कोरड्या हातानं. मग प्लग काढा आणि तो आईंना दिसेल असा वर ठेवा. मी मीटर घेऊन येतोय, माझी लेक येतेय बरोबर. तोवर मशीनला कोणी हात लावायचा नाही. आणि आईंना फोन द्या जरा."

फोन हातातून हातात गेला. पलीकडे म्हातारीचा श्वास ऐकू येत होता.

"आई, मी मशीनवाला," काका म्हणाले. "तुम्हाला मुंग्या येतात ते खरं आहे. मशीनच चावतंय तुम्हाला. वायर मी घातली होती, मी चुकलो."

मग म्हातारी हळूच म्हणाली, "बरं झालं बाबा सांगितलंस. मला वाटायला लागलं होतं, मलाच काहीतरी झालंय."

काकांनी फोन खाली ठेवला. यादीत अजून पंधरा घरं होती. ते फळीवर बसले होते, रंग उडालेल्या त्या दोन जागांच्या बरोबर मध्ये, आणि पुढचा नंबर त्यांना नीट दिसत नव्हता, म्हणून तो लेकीनं लावून दिला.